मन शिणलेली मुले
(वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात बालकांच्या मानसिक थकव्याचा अभ्यास)

सोयाबीनची मळणी आटोपते, दिवाळीची सुट्टी संपते आणि वाशिम जिल्ह्यातील शाळा पुन्हा गजबजू लागतात. अशा वेळी वर्गात एखादे मूल बाकावर डोके टेकवून बसलेले दिसते. काही महिन्यांपूर्वी हात वर करून उत्तर देणारे हे मूल आता प्रश्न विचारला तरी मान वर करीत नाही. वही उघडी असते, परंतु पान कोरे असते. गुरुजी रागावतात, घरी निरोप जातो आणि घरीही तोच शब्द उच्चारला जातो : 'आळशी झाला आहे.'

पुष्कळदा हा शब्द चुकीचा असतो. मूल आळशी झालेले नसते, ते शिणलेले असते. आळस आणि शीण बाहेरून सारखेच दिसतात, पण त्यांवरील उपाय मात्र परस्परविरुद्ध आहेत. आळसाला थोडी शिस्त मानवते. शिणलेल्या मुलाला तीच शिस्त शिक्षा वाटते आणि शीण अधिकच वाढतो. म्हणून हा फरक ओळखणे पालक, शिक्षक व आरोग्य कर्मचारी या तिघांच्याही दृष्टीने अगत्याचे आहे.

शीण, उबग आणि हतबलता

दिवसभर खेळून दमलेले मूल रात्री गाढ झोपते आणि सकाळी ताजेतवाने होऊन उठते. हा शरीराचा निरोगी थकवा होय. मनाचा शीण वेगळा असतो. तो एका रात्रीच्या झोपेने जात नाही, कारण तो एका दिवसात आलेला नसतो. रोज थोडा थोडा साचत गेलेला हा भार असतो आणि तो उतरविण्याइतकी विश्रांती मुलाच्या दिवसात उरलेली नसते.

या अवस्थेचा शास्त्रीय अभ्यास प्रथम प्रौढांच्या बाबतीत झाला. न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली मोफत दवाखान्यांत सेवाभावाने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये ती नोंदविली आणि तिला 'बर्नआउट' हे नाव दिले. उमेदीने कामास आलेली माणसे काही काळाने आतून जळून गेल्यासारखी रिकामी होतात, असे त्यांना आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात ही अवस्था कामाशी निगडित असलेली घटना म्हणून नोंदलेली आहे. तिला रोग मानलेले नाही.

मुले तर नोकरी करीत नाहीत, मग त्यांना हा थकवा कसा येईल, अशी शंका कोणी घेईल. परंतु शाळा हेच मुलाचे काम आहे. त्या कामाला ठरलेली वेळ असते, नेमून दिलेले कर्तव्य असते आणि वर त्याची सतत मोजणीही होत असते. फिनलंडमधील संशोधिका कॅटरिना साल्मेला-आरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांमधील हा थकवा मोजण्याची एक प्रश्नावली २००९ साली प्रसिद्ध केली. त्यांच्या मांडणीनुसार या अवस्थेची तीन अंगे आहेत, आणि तिन्हींसाठी आपल्या भाषेत जुनेच शब्द आहेत.

पहिले अंग शीण हे होय. अभ्यासाचा विचार जरी मनात आला तरी गळून गेल्यासारखे वाटते. दुसरे अंग उबग. पूर्वी ज्यात गोडी होती त्याचाच वीट येतो. चित्रांची आवड असलेले मूल रंगपेटी उघडीत नाही, 'हे शिकून काय होणार?' असे म्हणू लागते. तिसरे अंग हतबलता. 'मला जमतच नाही' ही भावना इतकी घट्ट होते की सोपे गणितही मूल हाती घेत नाही. या तीन गोष्टी एकत्र आणि काही आठवडे टिकून दिसल्या, तर मूल आळशी आहे हा निष्कर्ष बाजूला ठेवावा.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख होती आणि तीपैकी पाचात चारांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. सोयाबीन व तूर ही येथील मुख्य पिके. बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वाशिम होता. २०१८ साली नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची निवड केली, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांमध्येही वाशिमचा समावेश झाला.

हा तपशील अशासाठी की येथील मुलांवरील ताण या परिस्थितीतूनच उपजतो. पावसावर भरवसा नाही, बाजारभावावर नाही. तेव्हा 'आमच्यासारखे हाल पोराच्या वाट्याला नको, त्याने शिकावे' असे आईबापांना वाटते. ही आकांक्षा सर्वस्वी रास्त आहे. परंतु साऱ्या घराची आशा जेव्हा दहा वर्षांच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर येऊन टेकते, तेव्हा ते ओझे दप्तरात दिसत नसले तरी मूल ते वाहतच असते.

परीक्षार्थी मूल : दिवसाचा हिशेब

ग्रामीण भागातील हुशार मुलापुढे पहिली मोठी स्पर्धा फार लवकर येते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालये निघाली आणि त्यांतील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखलेल्या आहेत. या योजनेने अनेक गरीब मुलांना उत्तम शिक्षण दिले यात शंका नाही. मात्र सहावीच्या प्रवेशासाठीची परीक्षा पाचवीतच द्यावी लागते आणि एका विद्यालयात जागा असतात जास्तीत जास्त ८०. शिष्यवृत्तीची परीक्षा अनेक वर्षे चौथी व सातवीत होत असे. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीत होऊ लागली. म्हणजे दहाव्या-अकराव्या वर्षी एकाच वर्षात दोन स्पर्धा परीक्षा आणि शाळेचा नेहमीचा अभ्यास असा तिहेरी भार मुलावर पडू लागला.

अशा मुलाच्या दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. पहाटे ५ वाजता उठणे, ६ ते ८ शिकवणी, १० ते ५ शाळा, सायंकाळी साडेसहा ते साडेआठ पुन्हा शिकवणी, जेवणानंतर साडेदहापर्यंत गृहपाठ. झोपेला उरतात साडेसहा तास. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते, असे निद्राशास्त्राचे तज्ज्ञ सांगतात. किमान गरज धरली तरी रोज अडीच तासांची तूट येते. सहा दिवसांत ही तूट १५ तासांची होते, म्हणजे दीड रात्रीहून अधिक झोप आठवडाभरात बुडते. रविवारी ती भरून निघावी, तर रविवारी सराव परीक्षा असते. या हिशेबात खेळाचा रकाना तर कोराच आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

झोप कापून केलेला अभ्यास किफायतशीर ठरत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. दिवसा शिकलेले स्मरणात पक्के होण्याचे काम मोठ्या प्रमाणात झोपेतच होते. झोप बुडविणारे मूल अभ्यासाचे तास वाढवीत असते आणि त्याच वेळी शिकलेले गमावीत असते. गुण घसरले की तास आणखी वाढविले जातात, झोप आणखी घटते आणि चक्र फिरत राहते.

पुढे दहावीनंतर अकोला, नांदेड किंवा लातूर येथे खोली घेऊन वैद्यकीय अथवा अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी मुले घरापासूनही दूर जातात. काही पालकांनी त्यासाठी शेत गहाण टाकलेले असते आणि मुलाला ते ठाऊक असते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १६ वर्षांखालील मुलांना शिकवणी केंद्रात प्रवेश देऊ नये असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी दिलेल्या निर्देशांत गुणांनुसार विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडणे व चारचौघांत मानहानी करणे यांनाही मनाई केली आहे. 'हुशारांची तुकडी' आणि 'ढ मुलांची तुकडी' ही विभागणी ज्यांनी लहानपणी अनुभवली असेल, त्यांना या निर्देशाचे मोल सांगावे लागणार नाही.

शेतातले मूल, तांड्यावरचे मूल

मानसिक थकवा केवळ शिकवणीला जाणाऱ्या मुलांना येतो असे मानणे ही मोठी चूक होईल. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत घरात हात कमी पडतात. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला ओलित करायचे तर वीज पुष्कळदा रात्री असते आणि बापाबरोबर कंदील किंवा बॅटरी घेऊन थोरला मुलगाही शेतात जातो. दुसऱ्या दिवशी तो वर्गात पेंगतो. मुलींचे काम तर डोळ्यांना दिसतही नाही. पाणी भरणे, भाकरी थापणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे, आई शेतातून येईपर्यंत घर चालविणे, ही सारी कामे ती 'मदत' म्हणून करते. त्यांची गणना कोणी करीत नाही, म्हणून तिच्या थकव्याचीही दखल घेतली जात नाही.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. जिल्ह्यात बंजारा तांडे पुष्कळ आहेत. कामासाठी आईबाप काही महिने बाहेरगावी गेले की मूल एक तर त्यांच्याबरोबर जाते, नाहीतर आजीआजोबांपाशी राहते. दोन्ही प्रकारांत त्याची घडी विस्कटते. अशा मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून राज्यात हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात आलेली आहे. त्यात आणखी एक भर असते ती भाषेची. घरी गोरमाटी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्या कानावर दिवसभर वेगळी भाषा पडते. प्रत्येक वाक्य समजून घेण्यास त्याला दुप्पट कष्ट पडतात आणि दुपारपर्यंतच त्याचे मन दमून जाते.

शालेय ओझ्याचा विचार करण्यासाठी प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९९३ साली सादर झाला. त्यापूर्वी १९८९ मध्ये लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपल्या भाषणात मुलांच्या दप्तराचा प्रश्न मांडला होता. यशपाल समितीने मात्र दप्तराच्या वजनापलीकडे पाहिले. न समजणाऱ्या गोष्टींचे ओझे हे पुस्तकांच्या ओझ्याहून अधिक घातक आहे, हा तिच्या प्रतिपादनाचा गाभा होता. तांड्यावरच्या मुलाला हे तंतोतंत लागू पडते. त्याचे दप्तर हलके असेल, पण न कळलेल्या धड्यांचा भार तो रोज वाहतो.

या दिशेने महाराष्ट्रात फार पूर्वी वाट दाखविली गेली आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना पाहिले की गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेचे तत्त्व असे होते : मुलाच्या दिवसात शाळेला जागा नसेल, तर दोष मुलाचा नव्हे, शाळेने आपली वेळ व जागा बदलावी.

घरातील चिंता

मोठी माणसे कर्जाविषयी हळू आवाजात बोलतात, तरीही मुले ते ऐकतात. पावसाने ओढ दिली, दुबार पेरणीची वेळ आली, की घरातील बोलणे कमी होते, भांडणे वाढतात किंवा बाप अबोल होतो. मूल यातले सगळे काही समजू शकत नाही, पण काहीतरी बिघडले आहे एवढे त्याला कळते. आणि पुष्कळ मुले ते आपल्यामुळेच बिघडले असा अर्थ लावतात. सतत कानोसा घेत राहिलेले मन विसावत नाही. शेतकऱ्यांना मानसिक आधार व समुपदेशन मिळावे म्हणून राज्य शासनाने २०१५ पासून विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' राबविला, त्यात वाशिमचाही अंतर्भाव आहे. बापाला मिळालेला आधार मुलापर्यंत पोचतो, ही जाणीव अशा कामामागे असावयास हवी.

ओळख कशी पटवावी

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात देशभरातील ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी भाग घेतला. अभ्यास, परीक्षा व निकाल हे चिंतेचे कारण असल्याचे त्यांतील ८१ टक्के विद्यार्थ्यांनी नमूद केले. चिंता इतकी सार्वत्रिक असताना थकलेले मूल नेमके कोणते, हे ओळखण्यासाठी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. झोप व भूक यांत बदल. झोपूनही सकाळी उठवत नाही.
२. वैद्यकीय तपासणीत कारण न सापडणारी पोटदुखी वा डोकेदुखी, विशेषतः शाळेच्या दिवशी सकाळी.
३. आवडत्या खेळाचा, मित्रांचा, छंदाचा कंटाळा.
४. क्षुल्लक कारणावरून रडू येणे किंवा चिडणे.
५. वाचलेले लक्षात न राहणे, सोप्या कामालाही फार वेळ लागणे.
६. 'मी काही कामाचा नाही' अशा आशयाचे बोलणे.

यांपैकी काही चिन्हे शारीरिक कारणांनीही दिसतात, म्हणून प्रथम शरीराची तपासणी करावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते १९ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेली मुलगी थकणारच. लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या, जंतनाशक गोळ्या व डोळ्यांची तपासणी या साध्या उपायांनी काही मुलांचा थकवा दूर होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येतात, तेव्हा शिक्षकांनी अशी मुले त्यांच्या नजरेस आणून द्यावीत.

दुसरीकडे, काही मुलांच्या थकव्यामागे नैराश्यासारखा आजार असतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. सुट्टीत विश्रांती मिळूनही खिन्नता जात नसेल, मूल एकटे राहू लागले असेल किंवा जगण्याविषयी निराशेचे शब्द त्याच्या तोंडी येत असतील, तर वाट पाहू नये. अशा बोलण्यास नाटक समजणे धोक्याचे आहे. मुलाला एकटे न सोडता त्याला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

उपाययोजना

घरी. पहिला उपाय झोप हाच आहे आणि त्याला पैसा लागत नाही. झोपेची वेळ परीक्षेच्या दिवसांतही मोडू नये. झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल बाजूला ठेवावा. रोज एक तास मुलाचा स्वतःचा असावा. त्या तासात त्याने काय करावे हे कोणी सांगू नये. शिकवणी एकच असावी. दोन शिकवण्यांनी ज्ञान दुप्पट होत नाही, थकवा मात्र होतो. शेजारच्या मुलाशी तुलना टाळावी. घरात अडचण असेल, तर 'पिकाचे थोडे अवघड आहे, पण त्यात तुझी चूक नाही आणि ते आम्ही पाहून घेऊ' एवढे वाक्य मुलाच्या मनावरील मोठा भार उतरवते.

शाळेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही बंदी केली आहे आणि कलम २९ नुसार मुलाला भीती व चिंता यांपासून मुक्त ठेवणे हा अध्यापनाचाच भाग ठरतो. पुरेशी झोप मिळावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, तेव्हा लहान वर्गांचा गृहपाठ त्या प्रमाणात कमी करणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. हंगामात गैरहजर राहिलेल्या मुलाला परत आल्यावर मागील सर्व लेखन पूर्ण करण्यास सांगण्याऐवजी, पुढील धड्यासाठी आवश्यक तेवढेच शिकवावे. खेळाचा तास हा गणिताच्या ज्यादा तासासाठी मोकळा ठेवलेला तास नव्हे, हेही लक्षात असावे.

आरोग्य यंत्रणेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाद्वारे जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर उपचार व समुपदेशनाची सोय असते. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर मुलांना वाचता येतील अशा उंचीवर लिहावेत. आशा कार्यकर्तीस घरोघरची माहिती असते. थकलेल्या मुलीविषयी तिने सांगितलेला एक शब्द पुष्कळदा लवकर मदत मिळवून देतो.

एका प्रश्नाचा फरक

वरील उपायांपैकी बहुतेकांना नवी इमारत लागत नाही की नवा निधी लागत नाही. लागतो तो मुलाकडे पाहण्याच्या दृष्टीतील बदल. गृहपाठ न केलेले मूल वर्गात उभे राहते, तेव्हा त्याला विचारला जाणारा नेहमीचा प्रश्न असतो, 'गृहपाठ का केला नाहीस?' या प्रश्नाला मुलापाशी उत्तर नसते. ते खाली मान घालते आणि आळशी ठरते. त्याऐवजी शिक्षकांनी जवळ बोलावून विचारावे, 'काल रात्री किती वाजता झोपलास?'

या प्रश्नाला मुलापाशी उत्तर असते. त्या उत्तरात रात्रीचे ओलित निघेल, धाकट्या भावाचे आजारपण निघेल, दुसरी शिकवणी निघेल किंवा दारापर्यंत आलेला सावकार निघेल. जे काही निघेल ते शिक्षकाला ठाऊक झाले, की मुलाच्या मनावरील भाराला प्रथमच दुसऱ्या कोणाचा हात लागतो. वाशिम जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत हा प्रश्न विचारला जाऊ लागला, तर कोऱ्या पानापुढे मान टाकून बसलेली अनेक मुले पुन्हा मान वर करतील.